लंडनचा म्युझियम-आठवडा: दोघांनी, पाय शाबूत ठेवून

लंडन बघून आलेल्या जोडप्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. ब्रिटिश म्युझियममध्ये सकाळी दहाला शिरलो, संध्याकाळी पाचला बाहेर पडलो, पायांचे तुकडे पडले आणि आता विचाराल तर ममी सोडून काही आठवत नाही. तिकीट काढलं की वसूल करायचं, ही आपली जुनी सवय. पण इथे वसूल करायला तिकीटच नाही. डिसेंबर २००१ पासून ब्रिटनमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांचे कायमचे संग्रह सर्वांना मोफत आहेत. म्हणजे दोन तास बघून निघून जावं, परवा पुन्हा यावं, एकाच चित्रासाठी अर्ध्या तासाकरता आत डोकावावं. कुणी अडवत नाही. आठवड्याची सगळी आखणी या एका सोयीवर बसवायची.

कोणत्या वारी उतरायचं

महिना नंतर ठरवा, आधी वार ठरवा. ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, म्हणजे व्ही अँड ए, दहापर्यंत. इतर दिवशी ही सगळी पाच ते सहाच्या दरम्यान बंद होतात. त्यामुळे आठवड्यात एकच सोन्याचा शुक्रवार मिळतो, आणि तो सहलीच्या शेवटी यायला हवा. कारण असं, की उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. पहिले दोन-तीन दिवस पहाटे चारला टक्क जाग येते आणि संध्याकाळी सातला उभ्या उभ्या डुलक्या लागतात. अशा अवस्थेत रात्रीच्या म्युझियमचा काही उपयोग नाही.

म्हणून शनिवारी उतरा, पुढच्या शनिवारी परता. मुंबईहून सकाळी सुटणारं थेट विमान घेतलंत तर तिथल्या दुपारी-संध्याकाळी पोचता आणि सरळ झोपायच्याच वेळेला हॉटेलवर असता.

महिन्याचं म्हणाल तर एप्रिलचा उत्तरार्ध, मे महिन्याचे पहिले तीन आठवडे, किंवा सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या अखेरीस तिथल्या शाळांना सुट्टी असते, जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर तर असतेच, आणि मग डायनोसॉरच्या सांगाड्यापासून रोझेटा शिलेपर्यंत सगळीकडे मुलं आणि बाबागाड्या. २४ ते २६ डिसेंबर बहुतेक म्युझियम बंद असतात.

व्हिसा आणि आगाऊ बुकिंग

युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा ब्रिटनला चालत नाही, वेगळा काढावा लागतो. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे धरतात. आपण दीड-दोन महिने हातात ठेवावेत. विमान आणि हॉटेलचं बुकिंग शक्यतो रद्द करता येईल असं घ्या.

व्हिसा आला की एका संध्याकाळी दोघांनी बसून तीन कामं उरकायची. एक, मोफत असली तरी ब्रिटिश म्युझियमची वेळेची तिकिटं वेबसाइटवरून काढून ठेवायची. आत शिरायला वेळ कमी लागतो. दोन, त्या आठवड्यात कुठली खास प्रदर्शनं चालू आहेत ते बघायचं. ही मोफत नसतात, माणशी वीस पौंडांच्या आसपास जातात आणि गाजलेली प्रदर्शनं आधीच भरतात. आठवड्यात एक घ्या, फार तर दोन. तीन-चार घ्यायचीच असतील तर नॅशनल आर्ट पास काढणं परवडतं का याचा हिशेब करा, कारण त्यावर मोठ्या प्रदर्शनांची तिकिटं निम्म्या दरात मिळतात. तिसरं काम व्ही अँड एच्या कोठाराचं. ते गुरुवारच्या टिपणात सविस्तर येईल, पण दोन आठवडे आधी करावं लागतं म्हणून इथेच नोंद करून ठेवा.

राहायला ब्लूम्सबरी

याबाबत मी हट्टी आहे. ब्लूम्सबरी, म्हणजे रसेल स्क्वेअर, हॉलबर्न, टॉटनहॅम कोर्ट रोड या स्टेशनांच्या मधला भाग. तिथून ब्रिटिश म्युझियम चालत पाच-दहा मिनिटांवर आणि नॅशनल गॅलरी वीस-पंचवीस. दुपारी खोलीवर येऊन तासभर आडवं होता येतं, आणि ही एक सोय चार पंचतारांकित सोयींच्या तोडीची आहे. लांबच्या उपनगरात स्वस्त खोली घेतलीत तर सकाळी बाहेर पडलेला माणूस रात्रीच परततो. वाचलेले पैसे कॉफी शॉपमध्ये बसण्यात जातात.

या भागातली बरीच हॉटेलं जुन्या घरांतून काढलेली आहेत. बुक करताना लिफ्ट आहे का आणि खोली तळघरात तर नाही ना, हे दोन प्रश्न विचाराच. खोल्या लहानच असतात. बॅग उघडली की दुसऱ्याने पलंगावर बसायचं, असा हिशेब असतो.

हीथ्रोहून एलिझाबेथ लाइन टॉटनहॅम कोर्ट रोडला अर्ध्या तासाच्या थोडं वर नेते. पिकाडिली लाइन रसेल स्क्वेअरला तासाभरात पोचवते आणि स्वस्त पडते. बॅगा जड असतील तर एलिझाबेथ लाइन.

शहरात फिरायला वेगळा पास लागत नाही. कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवायचं. दिवसाची आणि सोमवार ते रविवार अशा आठवड्याची कमाल मर्यादा आपोआप लागू होते. त्यासाठी दोघांची दोन वेगळी कार्डं हवीत आणि प्रत्येकाने रोज तेच वापरायला हवं. सकाळी प्लास्टिकचं कार्ड आणि दुपारी तेच कार्ड फोनमधून टेकवलंत तर यंत्रणा त्यांना दोन वेगळी माणसं समजते. परदेशी व्यवहारावर आपली बँक किती कापते ते निघण्याआधी विचारा. शून्य फीचं कार्ड असेल तर उत्तम.

दोघांच्या दोन याद्या

म्युझियमची आवड दोघांना असली तरी वेग एक नसतो. एकजण प्रत्येक पाटी वाचतो, दुसरा दालनातून झरझर जातो आणि कुठेतरी एका मूर्तीपाशी वीस मिनिटं थांबतो. दोघांनी एकमेकांना सांभाळत चालायचं ठरवलं की दोघांचाही विचका होतो.

प्रत्येकाने घरी बसून, दुसऱ्याला न विचारता, दहा वस्तूंची यादी करायची. म्युझियमची नव्हे, वस्तूंची. मग याद्या जुळवायच्या. जे दोन्हींत आहे ते एकत्र बघायचं आणि बाकीच्यासाठी एक तास वेगळं व्हायचं. भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवा, कारण जाड भिंतींच्या जुन्या दालनांत फोनला रेंज मिळेलच असं नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये भेटायला काचेच्या छताचं ग्रेट कोर्ट सोयीचं, व्ही अँड एमध्ये मधल्या अंगणातलं पाण्याचं तळं.

याद्या करायला म्युझियमच्या वेबसाइटवरचा संग्रह-शोध वापरा. कुठली वस्तू सध्या मांडलेली आहे आणि कुठल्या खोलीत, हे तिथे लिहिलेलं असतं. दालनांची दुरुस्ती सतत कुठे ना कुठे चालू असते, त्यामुळे निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा तपासा. आणि शोधात आपल्या गावांची नावं टाकून बघा: पैठण, नाशिक, अजिंठा, पुणे आणि मुंबईची जुनी इंग्रजी स्पेलिंगंसुद्धा. दोन संध्याकाळी कशा जातात कळत नाही.

रविवार: ब्रिटिश म्युझियम, फक्त सकाळ

पहाटे जाग आलेलीच असते, तेव्हा दहाची पहिली वेळ घ्या. हे म्युझियम १७५३ साली हॅन्स स्लोन नावाच्या डॉक्टरच्या संग्रहातून सुरू झालं. आत गेल्या गेल्या चौथ्या खोलीत रोझेटा शिला, म्हणजे जिच्यामुळे इजिप्तची चित्रलिपी वाचता आली तो कोरीव दगड. पहिल्या पंधरा मिनिटांत बघितलीत तर बघितलीत, नंतर तिच्याभोवती फोन धरलेले हात तेवढे दिसतात.

तिथून जवळच असिरियन, म्हणजे प्राचीन इराकमधल्या साम्राज्याची दालनं. निनवेच्या राजवाड्यातले सिंहांच्या शिकारीचे शिल्पपट शांतपणे बघा. त्यातल्या एका सिंहिणीच्या कण्यात बाण बसलेत, मागचे पाय लुळे पडून फरफटताहेत आणि पुढच्या दोन पायांवर रेटा देऊन ती अजून डरकाळी फोडते आहे. इसवीसनापूर्वी सातव्या शतकातल्या, राजाचा पराक्रम सांगायला बसवलेल्या कारागिराने जीव ओतला तो मरणाऱ्या जनावरात.

मग वर ६१ क्रमांकाच्या खोलीत प्राचीन इजिप्तमधल्या नेबामूनच्या थडग्यातली चित्रं: पाणथळीत पाखरांची शिकार, आणि पाखरं तोंडात धरलेलं मांजर. ममीच्या दालनात गर्दीतून पाच मिनिटं, पुरे. शेवटी खाली येऊन इमारतीच्या मागच्या टोकाला ३३ क्रमांकाचं चीन आणि दक्षिण आशियाचं दालन, आणि त्याला लागून काचेआड अमरावतीच्या स्तूपाच्या शिळा. आंध्रातला हा स्तूप उद्ध्वस्त झाला. या शिळा १८५९ मध्ये लंडनला आल्या आणि १८८० मध्ये या म्युझियमकडे. एका शिळेवर त्या स्तूपाचंच चित्र कोरलेलं आहे, त्यामुळे नाहीशी झालेली वास्तू कशी दिसत असेल ते कळतं. या वस्तू इथे का, हा प्रश्न मनात येणारच. तो तिथे उभं राहून एकमेकांशी भांडून घ्यावा, कॉफीपर्यंत लांबवू नये.

एक वाजला की बाहेर पडा. राहिलेलं राहू दे, शुक्रवारी परत यायचंच आहे.

दुपारी विश्रांती घेऊन गूज स्ट्रीटहून नॉर्दर्न लाइनने चॉक फार्म. तिथून थोडं चालून १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतलं. उघडण्याचे वार आणि वेळा आधी तपासून घ्या, आणि रविवारी जमत नसेल तर हा फेरा गुरुवारच्या सकाळी टाका. शेजारीच प्रिमरोज हिल. टेकडीवरून सगळं शहर दिसतं.

सोमवार: नॅशनल गॅलरी

छोटी म्युझियम सोमवारी बहुधा बंद असतात, म्हणून सोमवार मोठ्याला द्यायचा. ट्रॅफल्गर स्क्वेअरवरच्या या गॅलरीची सेन्सबरी विंग मे २०२५ मध्ये नव्याने उघडली, आता मुख्य प्रवेश तिथूनच. चित्रं काळानुसार लावलेली असल्यामुळे चुकायला होत नाही. व्हॅन आइकचं आर्नोल्फिनी दांपत्य, टर्नरचं टेमेरेअर जहाज, व्हॅन गॉगची सूर्यफुलं ही यादीत असतीलच.

होल्बाइनच्या 'अॅम्बॅसिडर्स'समोर मात्र दोघांनी एक प्रयोग करा. चित्राच्या तळाशी एक तिरका, लांबुळका, काहीच न कळणारा आकार आहे. एकाने समोर उभं राहायचं, दुसऱ्याने चित्राच्या उजव्या कडेला, अगदी चौकटीलगत जाऊन तिरकं बघायचं. तो आकार आवळत येतो आणि कवटी दिसते. समोरच्याला काहीच दिसत नाही. मग जागा बदला.

दुपारी पुन्हा चित्रं नकोत. फार तर मागच्याच बाजूला नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत अर्धा तास.

मंगळवार: टर्नर, नदी आणि वीजघर

सकाळी टेट ब्रिटन. टर्नरने आपला चित्रसंग्रह राष्ट्राला दिला, त्याचा मोठा भाग इथे आहे. सोमवारी टेमेरेअर पाहून झाल्यामुळे शेवटच्या काळातली, नुसत्या प्रकाशाची झालेली चित्रं जास्त भिडतात. बाहेर मिलबँकच्या धक्क्यावरून बोट पकडा आणि बँकसाइडला उतरा: टेट मॉडर्न. जुन्या वीजघरात २००० साली हे उघडलं. ज्यांना आधुनिक कलेचं वावडं आहे त्यांनीही टर्बाइन हॉलचा उतार चालून पाहावा, आणि रॉथ्कोच्या गडद तांबड्या चित्रांच्या खोलीत दहा मिनिटं न बोलता बसावं. नाही पटलं तर समोर मिलेनियम पूल आहेच, पलीकडे सेंट पॉल्स.

बुधवार: लहान घरं

माझ्या मते आठवड्यातला सगळ्यात चांगला दिवस. लिंकन्स इन फील्ड्स नावाच्या चौकाच्या एका बाजूला सर जॉन सोन यांचं घर आहे. बुधवार ते रविवारच उघडं, मोफत, आणि आत एका वेळी थोडीच माणसं सोडतात, म्हणून दहाच्या आधी रांगेत लागा. सोन वास्तुविशारद होते. आपलं घर जसंच्या तसं राहावं म्हणून त्यांनी १८३३ मध्ये चक्क संसदेचा कायदा करून घेतला. जिन्याखाली, दाराच्या वर, गवाक्षात, जिथे जागा मिळेल तिथे मूर्ती, कलश, भग्न स्तंभ. तळघरात इजिप्तच्या सेती राजाची शवपेटी. चित्रांच्या खोलीत मात्र थांबून राहा. तिथला कर्मचारी ठरावीक वेळाने भिंतच कपाटाच्या दारासारखी उघडतो, आणि आत चित्रांची दुसरी भिंत निघते. एवढ्याशा खोलीत चित्रकार होगार्थच्या चित्रमालिका बसल्या त्या अशा.

चौकाच्या दुसऱ्या बाजूला शल्यचिकित्सकांच्या कॉलेजात हंटेरियन म्युझियम: बरण्यांतले अवयव, शस्त्रक्रियेची जुनी हत्यारं. घरात कुणी डॉक्टर असेल तर जरूर, नाहीतर जेवणाआधी नको. दुपारी चालत सॉमरसेट हाउसमधली कोर्टॉल्ड गॅलरी. हिला तिकीट आहे आणि ते द्यावं. एदुआर माने या चित्रकाराचं, पॅरिसच्या फोली-बर्जेरमधल्या बारवाल्या मुलीचं चित्र आणि कानाला पट्टी बांधलेला व्हॅन गॉग, एवढ्यातच पैसे फिटतात.

गुरुवार: कोठार

सकाळ मोकळी ठेवा. उशिरा उठा, कपडे धुवा. वाटलंच तर बाँड स्ट्रीटजवळचं वॉलेस कलेक्शन. मोफत, घरगुती, आणि शस्त्रास्त्रांच्या दालनात भारतीय तलवारी-कट्यारींचा भरणा.

दुपारनंतर पूर्वेला, ऑलिंपिक पार्कमध्ये, व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस. ३१ मे २०२५ रोजी उघडलेलं हे म्युझियमचं खरंखुरं कोठार आहे. अडीच लाखांवर वस्तू मांडण्यांवर रचलेल्या, आणि आपण त्यांच्या मधून हिंडायचं. आग्र्याच्या किल्ल्यातली संगमरवरी कमानींची ओळ इथे उभी आहे. गुरुवारी आणि शनिवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं.

खरी गंमत अशी, की संग्रहातल्या पाच वस्तूंपर्यंत ऑनलाइन मागणी नोंदवता येते आणि तिथले लोक त्या तुमच्यासमोर टेबलावर काढून ठेवतात, मोफत. किमान दोन आठवडे आधी वेळ ठरवावी लागते. संशोधक असण्याची अट नाही. जुन्या कापडाची आवड असेल तर विणीवर नजर टेकवून बघायची अशी संधी काचेच्या कपाटासमोर मिळत नाही.

व्ही अँड एच्या संग्रहात अजिंठ्याचा एक अध्यायही आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती काढल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८८५ मध्येच तिथल्या आगीत बऱ्याच जळाल्या. वाचलेल्यांपैकी काही सध्या बघायला मिळतात का, हे संग्रह-शोधात तपासा.

इथे जायला एलिझाबेथ लाइनने स्ट्रॅटफर्ड किंवा ओव्हरग्राउंडने हॅकनी विक.

शुक्रवार: उरलेलं, आणि रात्रीचं व्ही अँड ए

सकाळी ब्रिटिश म्युझियम, दुसऱ्यांदा. यावेळी प्रत्येकी तीन वस्तू, आणि मोकळे. दुपारी झोप. चारला साउथ केन्सिंग्टन.

व्ही अँड एमध्ये आधी कास्ट कोर्ट्स: रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभाची प्लास्टरची प्रतिकृती इतकी उंच, की दोन तुकडे करून शेजारी शेजारी उभी केलीय. मग टिपूचा वाघ. लाकडी वाघ गोऱ्या शिपायावर बसलाय आणि पोटात ऑर्गन. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती लागला. शहाजहानचा पांढऱ्या जेडचा मद्याचा पेला तळहातात मावेल एवढा, आणि निमुळत्या टोकाला बोकडाचं डोकं. वाघनखं मात्र इथे शोधत बसू नका. ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि आधी साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली.

जेवण तिथल्याच जुन्या उपाहारगृहात घ्या. जगातलं पहिलं म्युझियममधलं उपाहारगृह ते हेच, आणि एक खोली विल्यम मॉरिसच्या कंपनीने सजवलेली आहे. रात्री सगळी दालनं उघडी नसतात, त्यामुळे यादीतलं आधी आणि भटकणं नंतर.

यादीतून मी काय काढलं

नॅचरल हिस्टरी आणि सायन्स म्युझियम उत्तम आहेत, पण मुलांबरोबर जास्त खुलतात. मेणाचे पुतळे तर सोडाच. कोहिनूर बघायचाच असेल तर टॉवर ऑफ लंडनला अर्धा दिवस आणि भरभक्कम तिकीट लागतं, आणि मुकुटांसमोरून सरकत्या पट्ट्यावरून पुढे जावं लागतं. नुसता मोकळा दिवस हवा असेल तर मंगळवार काढून बोटीने ग्रिनिच करा.

खाणं, पाय आणि बॅग

म्युझियमचे कॅफे महाग. सकाळी सुपरमार्केटमधून सँडविच, फळं, दही घेऊन ठेवा आणि दुपारी बागेत बसून खा. पाण्याची बाटली बरोबर असू द्या. शाकाहाऱ्यांसाठी यूस्टन स्टेशनजवळची ड्रमंड स्ट्रीट ब्लूम्सबरीहून चालत गाठता येते: डोसा, भेळ, थाळी. वडापावची तलफ आवरेनाशी झालीच तर हाउन्स्लो किंवा हॅरो.

बूट नवे नकोत, दोन महिने वापरलेले हवेत. व्ही अँड एसारख्या काही ठिकाणी घडीची स्टुलं मिळतात. लाज न बाळगता घ्या. चाकांची मोठी बॅग ब्रिटिश म्युझियममध्ये आत नेऊ देत नाहीत, म्हणून शेवटच्या दिवशी सामान हॉटेलातच ठेवायचं.

पोस्टर घ्यायचं असेल तर ते शुक्रवारी घ्या, गुंडाळीच्या कडक नळीसकट, आणि नळीची लांबी तुमच्या विमान कंपनीच्या केबिन बॅगेच्या मापात बसते का ते दुकानातच बघा. जाड कॅटलॉग मात्र दोघांत मिळून एकच. त्याचं वजन चेक-इनच्या काट्यावर कळतं.